सकाळची टेकडी, रात्रीचा सिनेमा : पावसाळी धागा

पायवाट | ८ जून, सकाळी १०:१५

यंदा पाऊस मेच्या शेवटच्या आठवड्यातच येऊन धडकला, त्यामुळे हा धागा उशिरा निघतोय. नियम मागच्यासारखेच. आठवडाभरात फिरताना जे दिसलं त्यातलं एखादं प्रचि (प्रकाशचित्र) टाका आणि जो सिनेमा पाहिलात त्याबद्दल मनापासून लिहा. मोबाइलचा फोटो चालेल, पन्नास वर्षं जुना सिनेमाही चालेल. फक्त शेवट फोडू नका.

माझ्यापासून सुरुवात करते.

आज मृग लागलं. साडेपाचला एआरएआय रस्त्याच्या बाजूनं पुण्यातली वेताळ टेकडी चढले.

प्रचि १ – मृगाचा किडा. पायवाटेच्या कडेला, ओल्या ढेकळावर. तुरीच्या दाण्याएवढा, शेंदरी लाल, अंगावर खरोखरच्या मखमलीसारखी लव. बोट जवळ नेलं तर सगळे पाय पोटाशी ओढून घेतले आणि नुसता मणी होऊन बसला. थोड्या वेळानं पुन्हा चालायला लागला तेव्हा मी मोजले, पाय आठ. म्हणजे हा कीटक नाहीच, कोळ्यांच्या गोतातला. एरवी मातीखाली असतो, पाऊस पडला की काही दिवस वर येतो. लहानपणी आम्ही हे काडेपेटीत भरून शाळेत न्यायचो. आता ते आठवलं की जिवाला लागतं.

प्रचि २ – माझी सालई. जुन्या लोकांना माहीत आहे, खाणीच्या काठाशी एक सालईचं झाड आहे आणि मी दर रविवारी एकाच दगडावर उभं राहून त्याचा फोटो काढते. मार्चपासून पार निष्पर्ण होतं, सालीचे कागदासारखे पापुद्रे सुटलेले. आज फांद्यांच्या टोकांना लालसर पालवीचे झुबके दिसले.

आता मदत हवी आहे. उतरताना गिरिपुष्पाच्या दाट झाडीतून एक शीळ ऐकू आली. दोनच स्वर, पहिला चढता, दुसरा उतरता. थोडं थांबून पुन्हा तेच. पंधरा मिनिटं मान वर करून उभी होते, पानसुद्धा हललं नाही. कोकीळ नाही, पावशा नाही, आणि दयाळ तर मी झोपेतही ओळखेन. आवाज फोनवर घेतलाय, सोबत जोडलाय. सांगा कोणीतरी.

सिनेमा : ‘परफेक्ट डेज’. विम वेंडर्सचा, २०२३ चा. टोक्योतली सार्वजनिक स्वच्छतागृहं साफ करणाऱ्या हिरायामाची रोजची दिनचर्या, बस्स एवढंच. त्याला गजर लागत नाही. खाली रस्ता झाडणाऱ्या बाईच्या झाडूच्या आवाजानं तो उठतो. सासूबाई शेजारी बसून पाहत होत्या. त्यांना जपानी कळत नाही, खालची इंग्रजी अक्षरंही वाचायला जमत नाहीत, पण तो आवाज आला तशा म्हणाल्या, “अगं, हा तर खराटा.” त्या तळेगावच्या वाड्यात वाढल्या, अंगण झाडल्याच्या आवाजानं उठायच्या. पुढचे दोन तास त्या जागच्या हलल्या नाहीत.

हिरायामा रोज दुपारी त्याच झाडाखाली जेवतो आणि पानांमधून येणाऱ्या उजेडाचा फोटो काढतो. रोल धुऊन आला की चांगले फोटो डब्यात ठेवतो, बाकीचे फाडतो. माझ्या सालईचे फोटो फोनमध्ये नुसते साठलेत. ते पाहून वाटलं, निवडणं हाही बघण्याचाच भाग आहे.

---

पळसपान | ८ जून, दुपारी १२:४०

पायवाटताई, आवाज तीनदा ऐकला. माझ्या मते नवरंग.

हिवाळ्यात तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो. पावसाच्या तोंडावर विणीसाठी आपल्याकडे येतो. सकाळी आणि संध्याकाळी ठरल्या वेळी शीळ घालतो, म्हणून तमिळमध्ये त्याला ‘सहाच्या ठोक्याचा पक्षी’ अशा अर्थाचं नाव आहे. तुम्ही मान वर करून शोधलंत तिथंच गडबड झाली. शीळ घालायला तो फांदीवर बसतो खरा, पण एरवी जमिनीवरच उड्या मारत पालापाचोळा उलटवत असतो. पुढच्या वेळी खाली बघा, आणि बसून बघा.

एक कळकळीची विनंती. त्याचा आवाज फोनवर वाजवून त्याला बाहेर बोलावू नका. विणीचे दिवस आहेत. दुसरा नर आपल्या हद्दीत आला असं समजून तो घरटं, खाणं सगळं सोडून भांडायला येतो. आपल्याला फोटो मिळतो, त्याचा दिवस वाया जातो.

आमच्याकडे नागपूरला अजून सगळं कोरडं आहे, बेचाळीस अंशांची काहिली. गोरेवाड्याच्या जंगलात सकाळी गेलो होतो, टाकू असं काही मिळालं नाही. सिनेमा परवा लिहितो.

---

जुनाप्रेक्षक | ८ जून, रात्री ८:०५

नवरंग म्हटल्यावर माझ्यासारख्याला दुसरं काय आठवणार? व्ही. शांतारामांचा, म्हणजे शांतारामबापूंचा १९५९ चा ‘नवरंग’ चित्रपट.

पायवाट, तुझ्या टेकडीशी त्याचं नातं आहे. टेकडीवरून लॉ कॉलेज रस्त्याला उतरलीस की फिल्म इन्स्टिट्यूट लागते ना, ती प्रभात फिल्म कंपनीच्या आवारात आहे. प्रभात आमच्या कोल्हापुरात १९२९ साली निघाली आणि १९३३ साली पुण्याला गेली. बापू तिचे एक संस्थापक. १९४२ साली ते बाहेर पडले आणि मुंबईत राजकमल काढलं, ‘नवरंग’ तिथला. पण ज्या टेकडीच्या पायथ्याशी ते दहा वर्षं काम करत होते, तिथं आज नवरंगाची शीळ ऐकू येते हे वाचून मला फार बरं वाटलं.

‘नवरंग’च्या सुरुवातीला बापू स्वतः पडद्यावर येतात. आधीच्या चित्रपटात बैलाशी झुंज घेताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली होती, डोळ्यांवर पट्टी होती. त्या अंधारात जे रंग दिसले त्यातून हा चित्रपट सुचला असं ते सांगतात. काल पुन्हा लावला होता. कथा मला तेव्हाही लांबलेली वाटली होती, आजही वाटली. पण डोळे बांधलेल्या माणसाला रंग दिसले, ही गोष्ट मी गेली साठ वर्षं विसरलेलो नाही.

प्रचि – रंकाळ्यावर सकाळी सहाला. पाण्यात काठाशी उभा वंचक. ढग असल्यामुळे सगळंच करडं आलंय, पण मला असंच आवडतं.

---

खाडीकाठ | ९ जून, सकाळी ७:३०

काकांचा प्रतिसाद वाचून लगेच लिहायला बसलो.

रविवारी बोरिवलीच्या उद्यानात होतो. २०२४ साली तिथं कारवी फुलली होती. त्याआधी २०१६, त्याआधी २००८. आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मरते. आता उतारच्या उतार वाळक्या काड्यांचे झालेत. पण मी सांगतोय ते मेच्या २६-२७ तारखेचं, पहिला जोराचा पाऊस झाला तेव्हाचं. वाळलेली बोंडं भिजली आणि फुटायला लागली. टक्, टक्, टक्, चहूबाजूंनी. कोणी बोटं मोडतंय असा आवाज. एक बी माझ्या गालावर येऊन आपटलं. नऊ वर्षांच्या लेकीनं डोळे मिटून घेतले आणि म्हणाली, बाबा, बोलू नका. आम्ही तसेच भिजत उभे राहिलो. फोटो एकही काढला नाही. हा आवाज पुन्हा ऐकायला मिळेल तेव्हा ती सतरा वर्षांची असेल.

या रविवारचं प्रचि – त्याच काड्यांच्या खाली उगवलेली दोन पानांची हजारो रोपं.

सिनेमा : ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’. पायल कपाडियाचा, २०२४ साली कान चित्रपट महोत्सवात ग्रां प्री मिळालेला. मुंबईतल्या मल्याळी नर्सेस आणि छाया कदमची पार्वती. घराचे कागद नाहीत म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतो आणि ती रत्नागिरीकडे गावी परत जाते. अर्धा सिनेमा लोकल, गर्दी, पाऊस. मग कोकण येतं आणि कान मोकळे होतात. आपण दादर सोडून पनवेलच्या पुढं गेल्यावर जे होतं ना, तेच. पूर्वार्ध मला जास्त आवडला, पण उत्तरार्धाचा आवाज आवडला.

आता जे बरेच दिवस मनात आहे ते. आपल्या सिनेमा-मालिकांत पक्ष्यांचे आवाज इतके चुकीचे का असतात? दिवाळीची पहाट दाखवतात आणि मागे कोकीळ गातो. कोकीळ उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला गातो, दिवाळीला तो गप्प असतो. गाव दाखवलं की मोर ओरडलाच पाहिजे. हॉलीवूडवालेही तेच करतात, पांढऱ्या डोक्याच्या गरुडाला लाल शेपटीच्या ससाण्याचा आवाज देतात, कारण गरुडाचा खरा आवाज बारीक आणि चिरका. जुन्या टारझनपटांत आफ्रिकेच्या जंगलात ऑस्ट्रेलियाचा कूकाबुरा हसतो. मला याचा मनापासून त्रास होतो. कपडे, भांडी, भाषा सगळं तपासून घेतात, मग पक्षी का नाही?

---

सुरंगी | ९ जून, दुपारी ३:१०

खाडीकाठ, पटलं, पण एका सिनेमाबद्दल सांगते. ‘किल्ला’. अविनाश अरुणचा, २०१५ साली थेटरात आला. मी गुहागरची, त्यामुळे पहिल्यांदा पाहताना नुसती जागाच ओळखत बसले होते. या रविवारी चौथ्यांदा पाहिला आणि डोळे मिटून ऐकला.

आमच्याकडे पावसाला एक आवाज नसतो. कौलांवर पडतो तो वेगळा, पत्र्यावर वेगळा, झावळ्यांवर पडतो तो सळसळ करत येतो आणि पाऊस थांबला तरी झावळ्या गळतच राहतात. समुद्रावरून सर येते ती आधी ऐकू येते. गोठ्यातून घरात धावत जाण्याएवढा वेळ मिळतो. ‘किल्ल्या’त तो मुलगा एकटाच पावसात गडावर अडकतो तिथं मला पाऊस दिसण्याआधी ऐकू आला. दिग्दर्शकानंच कॅमेरा धरलाय आणि चित्रं सुंदरच आहेत, पण चित्रांचं कौतुक सगळे करतात. मला त्यातल्या आवाजांचं करायचंय.

वडील गेल्यानंतर आई आणि मुलगा पुण्याहून कोकणात येतात. अमृता सुभाषनं ती आई इतकी कमी बोलून उभी केलीय. माझे वडील गेले तेव्हा मीही शाळेत होते. अधिक लिहीत नाही.

प्रचि – चढणीचे मासे. पहिल्या पुरात ओढ्याच्या उलट्या प्रवाहात उड्या मारत वर जातात. फोटोत पाण्याचा फेस आणि मधे एक रुपेरी रेघ आहे, ती रेघ म्हणजे मासा. हे अंडी घालायला चाललेले असतात, म्हणून आमच्या घरी आता ते पकडत नाहीत. आजोबा पकडायचे. यावरून वाडीत वाद होतात, होऊ देत.

---

दूरगाव | १० जून, सकाळी ६:२०

न्यू जर्सीहून हजेरी. इथं आत्ता संध्याकाळ आहे आणि मागच्या गवतात काजवे लागलेत.

प्रचि – तीन ठिपके. खरंच तीनच. एका फ्रेममध्ये एवढेच आले. भंडारदऱ्याचे काजव्यांचे जे फोटो सगळीकडे फिरतात, झाडं नुसती पेटल्यासारखी, ते बहुतेक वेळा एकाच जागी काढलेल्या कित्येक फ्रेम एकावर एक चढवून केलेले असतात. त्यात गैर काही नाही, पण तसं खाली लिहावं. लोक ते पाहून जातात, तसं दिसलं नाही की हिरमुसतात आणि गाडीचे दिवे लावून परत फिरतात. काजवे एकमेकांना उजेडानंच शोधतात. त्या दिव्यांत त्यांना एकमेकांचं काही दिसत नाही.

पायवाट, तुझी दोन स्वरांची शीळ ऐकली. इथं चिकडी नावाचा चिमणीहून लहान पक्षी आहे, तोही दोनच स्वर गातो, पहिला वरचा, दुसरा खालचा. पहिल्या वर्षी फार एकटं वाटायचं तेव्हा या आवाजानं मला सकाळ कळायची.

‘परफेक्ट डेज’बद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. शिबुयातली ती स्वच्छतागृहं मोठमोठ्या वास्तुविशारदांनी बांधलेली आहेत, त्या प्रकल्पातूनच सिनेमा निघाला. त्यामुळे त्यात घाण जवळजवळ दिसतच नाही. माझी आई चाळीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिपाई होती, संडास धुणं तिच्या कामात होतं. तिच्या हातांना येणारा फिनेलचा वास रविवारीसुद्धा जायचा नाही. हिरायामाचं समाधान मला समजलं, पण त्याच्या हातांना वास आला नाही. कोजी याकुशोचं काम अप्रतिम, कानचं पारितोषिक योग्यच. तरीही.

---

पायवाट | १० जून, रात्री ९:५०

दूरगाव, तुझा प्रतिसाद दोनदा वाचला. मी हे पाहिलंच नव्हतं, कारण मी उजेड बघत बसले होते. तुझ्या आईंना माझा नमस्कार सांग. सिनेमा मला अजूनही आवडतो, पण आता पुन्हा पाहीन तेव्हा त्यांचे हात आठवतील.

त्या पानांमधल्या उजेडाला जपानीत ‘कोमोरेबी’ म्हणतात, सिनेमाच्या अगदी शेवटी तो शब्द येतो. आपल्याकडे कवडसा आहे. तो कौलातून आला तरी कवडसा, पानांतून आला तरी कवडसा. मला आपला शब्द जास्त जवळचा वाटतो, घर आणि झाड दोन्ही त्यात आहे.

पळसपान, आवाज वाजवणार नाही. खरं सांगायचं तर रविवारी छोटा स्पीकर न्यायचं ठरवलं होतं. बरं झालं वेळेवर सांगितलंत.

---

जुनाप्रेक्षक | ११ जून, दुपारी ४:३०

खाडीकाठ यांच्या प्रश्नाचं थोडं उत्तर माझ्याकडे आहे. तरुणपणी काही वर्षं मी ध्वनिमुद्रकांच्या हाताखाली काम केलं.

तीसच्या दशकात नट बोलायचे तेव्हाच आवाज मुद्रित व्हायचा. नंतर हलके कॅमेरे आले, ते कुठेही नेता यायचे पण चालताना घरघर करायचे. साठनंतर डबिंगची पद्धत रुळली. दृश्य बाहेर चित्रित करायचं आणि सगळा आवाज नंतर बंद खोलीत भरायचा. तिथं पक्षी कुठून येणार? फितींचा साठा असायचा. ‘सकाळ’ लिहिलेल्या फितीवर कोकीळ, ‘रात्र’ लिहिलेल्या फितीवर रातकिडे, ‘रान’ म्हटलं की मोर. वेळ नसायचा, पैसे नसायचे, आणि कोणी विचारायचंही नाही. मी स्वतः अशा फिती लावल्या आहेत. २००१ साली ‘लगान’नं जागेवरचाच आवाज घेतला आणि त्यानंतर ही पद्धत हिंदीत, मराठीत पुन्हा वाढली. सुरंगीताईंना ‘किल्ला’ असा ऐकू येतो, त्यामागे ही सगळी वाट आहे.

पण बाळा, एक सांगतो. पक्षी चुकला म्हणून चित्रपट खोटा होत नाही. चेहरा चुकला तर होतो.

---

खाडीकाठ | ११ जून, संध्याकाळी ७:१५

काका, इतकं सविस्तर सांगितलंत, मनापासून आभार. पण शेवटचं वाक्य मला पटत नाही. ज्याला कोकीळ ओळखता येतो त्याच्यासाठी तोही एक चेहराच आहे.

---

पळसपान | १९ जून, सकाळी ८:००

काल सोलापूरला मारुती चितमपल्ली गेले. वय ९२.

त्यांच्याबद्दल मोठे लोक लिहितील. मी फक्त आमच्या बाजूनं सांगतो. नवेगाव, नागझिरा, मेळघाट, ही रानं आम्हा विदर्भातल्या पोरांना नकाशावर माहीत होती. त्यांच्यामुळे ती भाषेत आली. वनखात्यात ३६ वर्षं नोकरी करताना त्यांनी गोंड, कोरकू, ढिवर माणसांकडून झाडापाखरांची नावं आणि त्यामागचं ज्ञान गोळा केलं, आणि ते कोणाकडून मिळालं हेही लिहिलं. बगळ्यांच्या वसाहतीला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, हे शब्द त्यांनी आपल्याला दिले. शब्द नसेल तर माणूस त्या झाडाखालून तसाच निघून जातो. मी स्वतः गेलेलो आहे.

त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून त्या आठवड्यात आपल्याकडे पक्षी सप्ताह असतो. यंदा त्या आठवड्यात जिथं असाल तिथं एखादं सारंगागार शोधा आणि इथं लिहा.

परवा मोकळा पाऊस आला एकदाचा. संध्याकाळी ‘फँड्री’ लावला. जब्या गलोल घेऊन काळ्या चिमणीमागे हिंडतो. आपण दुर्बीण घेऊन हिंडतो. मी पक्षी बघायला जातो तेव्हा माझ्यामागे कोणी डुकरं धरायला बोलावत नाही. त्याच्या मागे सगळं गाव लागलेलं आहे, आणि तरी त्याची नजर झाडावर. नागराज मंजुळेंनी ते रान सुंदर दाखवायचा प्रयत्न कुठेच केलेला नाही. बाभळी, पिवळं गवत, धूळ. तेवढ्यावरही मला तिथला वारा आठवतो.

---

सुरंगी | १९ जून, सकाळी ११:२५

वाईट बातमी. _/\_

सारंगागार हा शब्द मी वापरायचे, पण तो कोणी दिला ते आज कळलं. आमच्या बाजारातल्या चिंचेवर बगळे असतात. खाली मासळीवाल्या बसतात, त्या म्हणतात “वरची वस्ती”. हा शब्दही कुठेतरी लिहून ठेवायला हवा म्हणून इथं लिहिते.

---

दूरगाव | २३ जून, सकाळी ५:४५

शनिवारी आईला फोनवर पायवाटचा नमस्कार सांगितला. ती म्हणाली, सिनेमा दाखव मला तो. काल व्हिडिओ कॉलवर दोघींनी एकदमच लावला, ती डोंबिवलीत, मी इथं. मी मधेमधे अर्थ सांगत होते. अर्ध्यावर म्हणाली, “हा आरसा लावून खालून बघतो ना, तसं मी पण बघायचे. बाई म्हणायच्या, कोण बघणारे तिथं. मी म्हणायचे, मी बघते.”

वास आला नाही असं मी वर लिहिलं आहे. ते काढत नाही, माझं ते मत आहेच. पण आईला सिनेमा आवडला, आणि तिच्या आवडण्याला माझ्यापेक्षा जास्त वजन आहे.

---

पायवाट | ६ जुलै, दुपारी १:२०

आज आषाढी. दिसला.

मधले तीन रविवार शीळ ऐकून परत आले. एकदा पालख्या पुण्यात होत्या, टेकडीवर चिटपाखरू नव्हतं आणि खाली शहरातून टाळांचा आवाज येत होता, तेव्हाही शीळ होती. आज पळसपान म्हणाले होते तशी खाली बसले, सालईच्या अलीकडे, ओल्या दगडावर. पावणेसहाला शीळ आली, अगदी जवळून. मी हलले नाही. गुडघ्याला मुंग्या आल्या. सहाच्या सुमारास करवंदीच्या जाळीखाली पालापाचोळा हलला.

बुलबुलापेक्षा किंचित लहान, शेपूट जवळजवळ नाहीच. डोळ्यांवरून काळी पट्टी, तिच्यावर पांढरी भुवई. पाठ हिरवी, पंखाच्या वरच्या कडेला निळा तुकडा, छाती बदामी, आणि शेपटीखाली डाळिंबी लाल. एक पान चोचीत धरून त्यानं बाजूला टाकलं, अगदी आपण फाईलमधला कागद उलटतो तसं. खालून गांडूळ ओढलं. मग माझ्याकडे बघितलं. शेपूट हळूच वर, हळूच खाली. पुढच्या फांदीवर उडी मारली, मान पूर्ण मागे टाकली आणि शीळ घातली. महिनाभर जो आवाज नुसता ऐकत होते त्याला चोच आली.

प्रचि १ – करवंदीची जाळी. त्यात तो नाही. फोन उचलला असता तर तो उडाला असता, म्हणून तो गेल्यावर काढलाय.

प्रचि २ – सालई, आज पुरती हिरवी. शेजारचं गिरिपुष्पही हिरवं आहे. ते परदेशी झाड लावून टेकडीची देशी झाडी मागे ढकलली म्हणून आम्ही नेहमी हळहळतो, आणि ते खरंच आहे. पण पहिल्या दिवशी शीळ त्याच झाडीतून आली होती हेही नोंदवते.

जुनाप्रेक्षक काका, त्याला पाहताना तुमचे बापू आठवले. डोळे बांधलेले असताना दिसलेले रंग.

---

जुनाप्रेक्षक | ६ जुलै, रात्री ९:४०

पोरी, डोळे भरून आले.

दर आषाढीला मी प्रभातचा ‘संत तुकाराम’ पाहतो. १९३६ चा, दामले-फत्तेलालांचा. आज नातवाला शेजारी बसवलं होतं. विष्णुपंत पागनीसांच्या तुकारामापेक्षा त्याला गौरीबाईंची जिजाई आवडली, मलाही त्याच वयात तीच आवडली होती. त्यातलं ते बीजाचं आणि अंकुराचं पद शांताराम आठवल्यांनी लिहिलं आहे. ते इतकं तुकोबांच्या वळणाचं की लोक गाथेत शोधत बसले. ते लागलं तेव्हा नातू म्हणाला, आजोबा, मागे पक्षी नाहीये एकही. मी त्याला खाडीकाठ यांचा प्रतिसाद वाचून दाखवला. तो त्यांच्या बाजूनं आहे.

---

खाडीकाठ | ६ जुलै, रात्री १०:०५

पायवाट, अभिनंदन! काका, नातवाला माझा नमस्कार.

पुढच्या रविवारी मी लेकीला घेऊन पुण्यात आहे. साडेपाचला एआरएआयच्या बाजूनं चालेल का? ती बोलणार नाही, शब्द दिलाय तिनं.

---

पायवाट | ६ जुलै, रात्री १०:१२

चालेल काय, याच. पायात बूट घाला, दगड शेवाळलेत. करवंदीच्या जाळीपासून वीस पावलं अलीकडेच बसू, घरटं जवळपास असेल तर त्याला त्रास नको. घरून चहा आणते, सासूबाईंनी धपाटे करायचं आत्ताच कबूल केलंय.